बुधीला सांगायची वाट

मी फार हुशार, असं भिवंडीतल्या आमच्या कामतघर वस्तीत सगळे म्हणत. म्हणोत बापडे! खाली कापडाचे लूम खडखडायचे आणि वर माळ्यावर मी ग्रीक वाचत बसायचे. वसईच्या एका फादरांकडून ती भाषा शिकले होते. प्राचीन ग्रीक लोक काही मृतांबरोबर सोन्याचा पातळ पत्रा पुरत. मेल्यावर कुठल्या झऱ्याचं पाणी प्यायचं नाही, पहारेकऱ्यांना काय सांगायचं, हे त्यावर कवितेत लिहिलेलं असे. माझी पीएचडी त्याच शब्दांवर.

गणेशपुरीकडे आमची भातशेती. तिथं राबणारे वाघ्याबाबा पाड्यावरचे भगत. कुणी गेलं की त्याच्या कानाशी गाणं म्हणून ते त्याला पूर्वजांकडची वाट सांगत. म्हटलं, अगं बाई, हेच तर ते! २००४च्या दिवाळीनंतर मी हट्टच धरला, ते गाणं मला द्या. बाबांनी आठवडाभर टाळलं. मग त्यांनी मला तानसा नदीत उभं केलं, ओंजळीत तांदूळ दिले आणि गाणं म्हटलं. काठावर माझा टेप चालू होता.

"दिलं तुला, बाय," ते म्हणाले. "एका येळी एकाच तोंडात ऱ्हातं ते. आता माझ्याकडं न्हाय."

मी हेही वहीत उतरवलं. काय छान तळटीप होईल, असं वाटलं मला! वही आणि कॅसेट पुण्याला मार्गदर्शक बाईंकडे पाठवून मोकळी झाले.

फाल्गुनात त्यांची बायको बुधी गेली. निरोप आला तशी एसटी पकडून धावले. बाबांनी मला सरळ तिच्या उशाशी बसवलं.

"म्हण."

पहिली ओळसुद्धा आठवेना.

"बाबा, तुम्हीच म्हणा ना," मी रडतच म्हणाले.

"माझ्याकडं न्हाय, बाय."

बाहेर सगळा पाडा ताटकळला होता. जिनं मला लहानपणी कडेवर घेऊन बांध ओलांडले, तिच्यासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. शेवटी जे पाठ होतं तेच ओठांवर आलं, पत्र्यावरचं ग्रीक. तिच्या कानाशी वाकून मी ते पुरतं म्हटलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे कुठलं?"

"लांबचं, बाबा. फार जुनं."

त्यांनी बुधीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"ती कधी भिवंडीच्या पुढं गेली न्हाय, बाय," ते म्हणाले. "तिला कसं कळंल?"