गोड लागलेला थर्मामीटर

मी थर्मामीटर बोलतोय. सगळं आयुष्य लोकांच्या जिभेखाली गेलं, त्यामुळे स्वतः बोलायची ही पहिलीच वेळ. शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, मी तापाचा थर्मामीटर नव्हे. ते आमचे भाऊबंद वेगळे. कोणाचं कपाळ तापलं की त्यांना मानाने बाहेर काढतात. माझं काम नाजूक. बाईच्या शरीरात बीज सुटलं की तिच्या अंगाची ऊब किंचित वाढते आणि पुढची पाळी येईपर्यंत वाढलेलीच राहते. ते किंचित दाखवण्यासाठी माझा जन्म. म्हणून माझ्या अंगावरच्या रेघा इतक्या दाट आहेत की उजेडाशिवाय त्या वाचताच येत नाहीत. कारखान्यात एका बाईने मला कोमट पाण्यात बुडवून तपासलं, मान हलवली आणि डबीत घातलं. कोमट पाण्याशी माझी ओळख झाली ती अशी. कोमट चहाशी नंतर झाली.

मला विकत घेतलं एका जोडप्याने. नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानोदुकानी जाऊन काटे उघडायचे, साफ करायचे, तोळामाशाचा फरक काढून द्यायचा. सगळे त्याला काटेवाला म्हणत. बायको तरण तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची, ती मास्तरीणबाई. पदरात दोन मुलं, थोरली आणि धाकटा. धाकट्याच्या वेळी मास्तरीणबाईचं इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी काटेवाल्याला समोर बसवून बजावलं, "हिला इतक्यात पुन्हा दिवस गेले, तर जिवावर बेतेल. नीट ऐकलंत ना?"

त्याने ऐकलं होतं. पण गोळ्यांनी तिचा रक्तदाब चढला, तांबी तिला मानवली नाही, आणि उरला तो एकटा. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे दोन उपाय ठेवले. एक औषधाच्या दुकानात मिळणारा, दुसरा छोट्या शस्त्रक्रियेचा. पहिला ऐकून त्याने नाक मुरडलं. दुसरा ऐकून तो खुर्चीत पाय आवळून बसला.

"मला विचाराल तर," तो म्हणाला, "निसर्गाच्या विरुद्ध माणसाने जाऊच नये. नैसर्गिक असं काही नाही का?"

दर रविवारी मिशीला कलप लावणारा माणूस निसर्गाची बाजू घेऊन बोलत होता. निसर्गाला केवढं बरं वाटलं असेल.

"आहे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इतर खुणा समजावून सांगितल्यावर त्यांनी मला पुढे केलं. "रोज सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी हिने हा जिभेखाली धरायचा. पारा चढला आणि सलग तीन सकाळी चढलेलाच राहिला, की पुढे पाळीपर्यंत तुम्ही मोकळे. पण तोवर संयम पाळायचा. जमेल?"

"त्यात काय एवढं," काटेवाला म्हणाला.

घरी आल्यावर कामाची वाटणी झाली. मला जिभेखाली धरून न हलता, न बोलता पडून राहायचं, ते तिच्याकडे. त्याच वेळी धाकट्याने गळा काढला तर हाताने थोपटायचं, तेही तिच्याकडे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला होता, त्यावर ठिपका मांडायचा, तो तिनेच. काटेवाल्याच्या वाट्याला फक्त संयम आला, आणि घरात सगळ्यात जास्त आपणच सोसतो असं तो येताजाता ऐकवू लागला.

माझी एक खोड इथेच सांगून ठेवतो, कारण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. माझ्यातला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय खाली येत नाही. त्यामुळे मास्तरीणबाई मला लगेच वाचत नसे. पलंगाशेजारच्या छोट्या टेबलावर ठेवायची, मुलांचं आवरायची, आंघोळ करायची आणि मग केस विंचरता विंचरता खिडकीशी नेऊन वाचायची. तेवढा वेळ मी टेबलावर एकटा असे.

बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझं तर पोटच तिच्यावर. नेमाने पाळली तर ती चालते. फक्त तिला दोन माणसं लागतात.

मग एक महिना असा आला की पारा वर जायचं नाव घेईना. तलावावर स्पर्धा जवळ आल्या होत्या, मास्तरीणबाईची ओढाताण चालली होती, आणि तिच्या शरीराने आपला कार्यक्रम पुढे ढकलला होता. काटेवाला रोज कपाट उघडून ठिपके बघायचा.

"अजून नाही?"

"नाही अजून."

"म्हणजे किती वाट बघायची? एवढ्याशा काचेच्या काडीच्या तालावर नाचायचं का माणसाने?"

"मग दुसरा उपाय करा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलाय की."

यावर त्याला एकदम कामाची आठवण झाली.

त्याच संध्याकाळी जेवताना त्याने एका दुकानदाराची गोष्ट सांगितली. त्या पठ्ठ्याने पारड्याच्या तळाला शिशाचा तुकडा चिकटवून ठेवला होता. "मापात पाप करणाऱ्या माणसाला मी माणूस म्हणत नाही," काटेवाला म्हणाला आणि आमटी वाढायला वाटी पुढे केली. थोरली कौतुकाने बापाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई आंघोळीला गेल्यावर तो चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसला. चहा त्याने प्यायला नाही. करंगळी बुडवून बघितली, फुंकर घातली, थांबला, पुन्हा करंगळी बुडवली. हाताची सफाई त्याची, यात शंका नाही. चहा अंगाच्या उबेपेक्षा केसभर गरम राहिला तेव्हा त्याने माझं टोक त्यात धरलं, पाऱ्यावर नजर ठेवली आणि हव्या त्या रेघेवर मला बाहेर काढलं. नळाखाली धुतलं, पुसलं, होतो तिथे ठेवलं. चहा निवण्यासाठी दाखवला त्याच्या निम्मा संयम त्याने दुसरीकडे दाखवला असता, तर मला हे आत्मवृत्त सांगावंच लागलं नसतं.

मास्तरीणबाईने मला खिडकीशी नेलं. "चढला एकदाचा," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. मला तोंड असतं तर त्या क्षणी मी बोंब मारली असती. तिने आपला जीव माझ्या भरवशावर टाकला होता, आणि मी तिच्या हातात धडधडीत खोटं बोलत होतो.

असं लागोपाठ तीन सकाळी झालं. तिसऱ्या सकाळी धाकटा मध्येच उठून खोलीत आला, तेव्हा काटेवाल्याने मला घाईघाईने बनियनच्या टोकाला पुसलं आणि ठेवून दिलं. धुतलं नाही. मास्तरीणबाईने वाचून तिसरा ठिपका मांडला. त्या संध्याकाळी काटेवाला येताना गजरा घेऊन आला.

चौथ्या सकाळी मास्तरीणबाईने मला झटकलं, जिभेखाली धरलं आणि तिचे डोळे उघडले. मी गोड लागत होतो.

ती चहात साखर घेत नाही. घरात साखर घेणारा माणूस एकच, आणि तो शेजारी घोरत होता. ती न हलता पडून राहिली, मला पुरता वेळ दिला. मग उठली, पडदा सरकवून मला तिथल्या तिथे वाचलं. पारा खालीच होता, गेल्या आठवड्यात होता तिथेच.

"अहो, उठा," ती म्हणाली. "कप कुठला वापरलात?"

"कसला कप?" पण त्याचे कान लाल झाले होते. तो उठून बसला, मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "अगं, एखाद्या वेळेने काय होतंय?"

"काय होतंय ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तुम्हाला समोर बसवून."

ती ओरडली नाही. तिने कपाट उघडलं, ते तीन ठिपके खोडले आणि मुलांना उठवायला गेली. शिशाचा तुकडा सापडलेल्या दुकानदारावर काटेवाला यापेक्षा जास्त ओरडला होता.

दोनच दिवसांनी पारा चढला. या वेळी खरा. म्हणजे काटेवाल्याने नेमका बीज सुटायच्या तोंडावरचा, सगळ्यात धोक्याचा मुहूर्त साधला होता, आणि हे त्या दोघांनाही कळलं.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. दिवस गेले नसतील तर पाळीच्या सुमाराला पारा उतरतो. गेले असतील तर वरच राहतो. मास्तरीणबाई रोज सकाळी मला जिभेखाली धरायची आणि तिचे दात माझ्या काचेवर बारीक वाजायचे. मला ते ऐकवत नसे. पाण्यात दुसऱ्यांच्या पोरांची भीती घालवणारी ही बाई, घरी छताकडे बघत पडायची. एकदा तिने थोरलीला वेणी घालायला शिकवायला घेतलं, भावाचा भांग कसा पाडायचा तेही दाखवलं. "आत्ताच कशाला गं आई?" थोरलीने विचारलं. "येत असलेलं बरं," ती म्हणाली. काटेवाला दारात उभा होता. तो आत आला नाही, बाहेरच्या बाहेर जिन्यात जाऊन बसला.

पारा वर होता. पाळीचा दिवस उलटला, तरी वरच. काटेवाल्याची पाचावर धारण बसली. त्याने चहा सोडला, हे त्याने सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

मग एका सकाळी तिने मला खिडकीशी नेलं, वाचलं, डोळे पुसून परत वाचलं. पारा उतरला होता. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मला मुठीत धरून रडली. माझा जीव भांड्यात पडला. पाऱ्याला जीव असतो की नाही, हा वाद नंतर घालू.

"किती आहे?" काटेवाल्याने दारातून विचारलं.

तिने मला त्याच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा. काटे वाचणारे तुम्ही."

त्याने मला उजेडाकडे धरून रेघ शोधली. "माझं चुकलं," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. पुढे काय?"

पुढे काय ते त्याने दुपारी केलं. डॉक्टरीणबाईंकडे एकटा गेला आणि शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आला. ती झाली तेव्हा थोड्या वेळात घरी परतला आणि एखाद्या लढाईतून आल्यासारखा उशांच्या राशीत आडवा झाला. "मला ताप आलाय वाटतं," तो कण्हला. मास्तरीणबाईने मला त्याच्या जिभेखाली ठेवलं. "गप्प पडून राहायचं, हलायचं नाही," ती म्हणाली. "चहा आणू का?" माझ्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही. ताप नव्हता.

शस्त्रक्रियेचा गुण लगेच येत नाही, म्हणून त्याच्या शेवटच्या तपासणीपर्यंत आणखी काही महिने मी कामावर होतो. त्या काळात तिचं मोजून झालं की तो मला तिच्यासमोरच वाचायचा आणि धुऊन डबीत घालायचा.

आता मी त्याच टेबलाच्या खणात असतो. सोबत सुटी बटणं, वाळलेलं पेन, डबीचं फुटकं झाकण. तक्रार नाही. विनंती एवढीच, की तुमच्या घरात माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला चहात बुडवू नका. आम्ही खोटं बोलतो ते तुमच्याच हातून, आणि भोगणारी भलतीच असते.

अजूनही कधी उजाडताना खणावर हात टेकल्याचा आवाज येतो. झोपेतच तिचा हात मला शोधत येतो, रिकाम्या टेबलावर थोडा चाचपडतो आणि पांघरुणात परत जातो. ती जागी होत नाही.