शंभरपैकी एकोणसाठ

मित्रांनो, हर्सूलच्या एका घरात खुंटीला लटकलेला, तांब्याएवढा, निळ्या जाळीचा आणि एका कोपऱ्यावर दात उमटलेला जो स्पीकर आहे ना, तो मी. मला वायर नाही. मोबाइलमधलं गाणं हवेतून माझ्यापर्यंत येतं आणि मी ते मोठ्यानं म्हणतो. दात कुणाचे, ते सांगतोच.

कारखान्यात कुणी माझे स्क्रू पिळले, कुणी कानाशी धरून ऐकलं, ते आता धूसर झालंय. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते शहरातल्या दुकानात, खंडेरावांनी मला उचललं तेव्हा. ते शेंद्र्याला कंपनीत कामाला. घरातला टीव्ही मुका झाला होता, म्हणून मी. "आवडला नाय तर सात दिवसांत परत आणा काका," दुकानदार म्हणाला, "फक्त खोकं जसंच्या तसं पाहिजे."

मला वाटलं, आता हार घालतील. पण घरात होती त्यांची मुलगी सुकेशनी, दहावीतली. तिनं वही उघडली आणि चक्क माझी परीक्षाच घेतली.

"अण्णा, शंभरपैकी साठच्या खाली गेला तर नापास. परत."

तिनं मला पिठाच्या डब्यावर ठेवलं, तर माझ्याबरोबर डबाही थरथरायला लागला. खोक्यावर बारा तास लिहिलेले, मोठ्या आवाजात माझी बॅटरी साडेसहा तासांत संपली. ती मोबाइल घेऊन पत्र्याच्या भिंतीमागं गेली की मला उचक्या लागत. बातम्या छान सांगितल्या मी, पण ढोल वाजला की माझी नुसती धबधब. ती सुरू झाली की कोपऱ्यातून ताटलीवर दोनदा टकटक व्हायची.

ती टकटक आजीची, दगडाबाईंची. त्यांच्या घशाला सूज आली होती आणि डॉक्टरांनी तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं होतं. म्हणून एक टकटक म्हणजे व्हय, दोन म्हणजे नाय.

सहाव्या दिवशी बेरीज झाली. एकोणसाठ.

"एक मार्क दे की वरून," खंडेराव म्हणाले.

"मला कोण देतं का?"

झालं. उद्या माझी रवानगी दुकानात.

पण मित्रांनो, त्या घरातून जायची पाळी एकट्या माझ्यावर नव्हती. आजींच्या अठरा शेळ्या होत्या. सकाळी सोडल्या की त्या आपल्या आपण घरामागच्या माळावर चरायच्या आणि संध्याकाळी आजींनी ओट्यावरून एक हाक दिली की खाली यायच्या. गुडघ्यांमुळं आजींना माळ चढवत नव्हता, सगळा कारभार त्या हाकेवर. आता हाक बंद. सुकेशनीनं घसा फोडला तरी शेळ्या मान वर करून बघायच्या आणि पुन्हा चरायच्या. ड्यूटीवरून आलेले खंडेराव रोज दोन तास माळ तुडवायचे.

"माय, मला होत नाय आता. बाजारात नेऊ," ते म्हणाले.

आजींनी ताटली वाजवली. दोनदा. मग पुन्हा दोनदा.

शनिवारी दुपारी, मला खोक्यात घालायच्या आधी, सुकेशनीला एक शंका आली. "गाणाऱ्याचा खरा आवाज आपल्याला कुठं माहीत असतो? आजीचा माहीताय. तिच्यासारखा निघाला तर एक मार्क देते." तिनं दिवाळीत काढलेला आजीचा एक व्हिडिओ लावला आणि माझा आवाज पूर्ण वाढवला.

"ये चांदेऽ, ये भुरेऽ, हुर्र हुर्रऽऽ."

आजींच्या हातातून लसूण गळाला. तेवढ्यात मागं दगड गडगडले. भरदुपारी अठराच्या अठरा शेळ्या माळ उतरून थेट घरात. एक चुलीपाशी, दोन खाटेवर, आणि भुरी माझ्या खोक्यापाशी. तिनं खोकं निवांत खाल्लं आणि तोंडी लावायला माझा कोपरा चावला. आजी पदर तोंडात कोंबून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"आता हे कोण परत घेईल?" खंडेरावांनी खोक्याची उरलेली चिंधी उचलली. मग दारातल्या शेळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दोघं बी ऱ्हाऊ द्या."

टक. एकदाच.

पुढं रोज संध्याकाळी मी ओट्यावर बसलो, हाक दिली आणि शेळ्या आल्या. मला मोठा मान मिळाला. तीन महिन्यांनी आजींचा आवाज परत आला, पण घोगरा, फाटका. त्यांनी ओट्यावर उभं राहून हाक दिली. एकही शेळी हलली नाही.

"वळखत नायत मला," आजी म्हणाल्या. तीन महिन्यांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य हे.

त्या दिवशी मला माझ्या आवाजाची लाज वाटली. पण सुकेशनीनं आजींना माझ्या शेजारी बसवलं. "तू बी म्हण, याच्याबरोबर." मग आम्ही दोघं एकदम हाक द्यायचो, मी जुन्या आवाजात, आजी नव्या. दर दोन दिवसांनी सुकेशनी माझा आवाज एक घर कमी करायची. मी बारीक होत गेलो आणि आजी मोठ्या. एका संध्याकाळी तर तिनं मला सुरूच केलं नाही. आजींनी एकट्यानं हाक दिली. भुरी सगळ्यांच्या पुढं होती.

सुकेशनीनं वही काढली आणि एकोणसाठावर काट मारली. नवा आकडा लिहिला नाही. "हे मार्कात बसत नाय," म्हणाली.

मित्रांनो, मला पाण्यापासून जपा, बॅटरी पार संपायच्या आत चार्जिंगला लावा, डब्यावर ठेवू नका. आणि घरातल्या माणसाचा आवाज धड आहे तोवर मोबाइलमध्ये साठवून ठेवा. त्याची गरज कधी पडेल ते माझ्यासारख्याला काय कळणार? पण ते माणूस पुन्हा बोलायला लागलं की मला हळूहळू बारीक करा. मला वाईट वाटत नाही.

आजही शेळ्या आल्या की आजी आत येतात आणि माझ्या डोक्यावर बोटानं वाजवतात. एकदाच.