प्रकृती स्थिर

"हृदय लिहिलंय, मग गुडघ्यांनी काय घोडं मारलंय?" फोनच्या पडद्यावर कोटेश्वरम्मा खदखदून हसत होत्या. "डॉक्टरांना म्हणावं, लिहिताय तर हात राखून लिहू नका. साखर लिहा, रक्तदाब लिहा. पोरीचं काम झालं पाहिजे."

"अम्मा, हसू नकोस ग. कागद वाचणाऱ्याला तू आजारी वाटली पाहिजेस."

"त्याला मी दिसणार आहे थोडीच? मी इथे गोंगुऱ्याच्या लोणच्याच्या बरण्या भरतेय."

आई आंध्रात चिराल्याला, लेक टेक्ससमध्ये आयर्विंगला. झान्सी ओट्याला टेकून उभी होती. नवऱ्याची अवलंबित म्हणून ती इथे आली त्याला पाच वर्षं झाली होती. त्याआधी गुंटूरच्या एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत तिच्या सहीशिवाय एक अहवाल बाहेर पडत नसे. इथे तिची सही लागे ती फक्त मुलाच्या शाळेच्या सहलीच्या कागदावर. नवऱ्याच्या, भानूच्या, कंपनीने ग्रीन कार्डाचे कागद आज करू उद्या करू म्हणत लोंबकळत ठेवले होते, त्यामुळे अवलंबित बायकोला नोकरी करायची सोय नव्हती. विद्यार्थी व्हिसा मिळाला तर मात्र शिक्षणाला जोडून कामाची परवानगी मिळते. ऑगस्टसाठी तिला कॉलेजात जागा मिळाली होती. व्हिसा बदलायचा अर्ज तेवढा मंजूर व्हायचा होता.

त्या अर्जात मेख अशी, की शिकून झाल्यावर आपण मायदेशी परत जाणार, हे सरकारला पटवावं लागतं. तेलुगू बायकांच्या व्हॉट्सॲप गटात त्यासाठी एक तयार पत्र फिरत असे. त्यातली आजारी, एकटी आई हुकमी होती. झान्सीने त्यात आपल्या आईचं वय घातलं. थोरला भाऊ सांबशिव आईच्याच घरात बायकापोरांसह राहत होता, तो पत्रातून अलगद नाहीसा झाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी दाखला दिला. आणि ज्या बाईने जन्मात कधी सलाइन पाहिलं नव्हतं, ती कागदोपत्री अंथरुणाला खिळली.

वरच्या मजल्यावर नातवंडं सांभाळायला आलेल्या सुब्बम्मा दही मागायला आल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तिन्हीसांजेला आईचं आजारपण काय बोलतेस ग? तथास्तु देवता फिरत असतात, बोललेलं खरं करतात."

"पिन्नी, त्या टेक्ससपर्यंत कशाला येतील? त्यांनाही व्हिसा लागेल."

स्वतःच्या विनोदावर झान्सी खूश झाली. अर्ज गेला.

मे महिन्यात सांबशिवचा फोन आला. "चिन्नी, अम्माला डेंग्यू झालाय. गुंटूरला हलवलंय. येऊन जा."

"प्लेटलेट्स किती?"

"एकोणीस हजार."

हा आकडा तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने लगेच अर्ज पाहणाऱ्या वकीलबाईंना फोन लावला. "अर्ज चालू असताना देशाबाहेर गेलात, तर तो सोडून दिला असं धरतात," बाई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून. ऑगस्ट तर गेलाच." कॉलेजने जागा एकदा पुढे ढकलून दिली होती, दुसऱ्यांदा देणार नव्हते.

"जायचं तर जा," भानू म्हणाला. "मी अडवणार नाही. पण ठरव तू."

त्याने जाऊ नको म्हणून बजावलं असतं, तर ती भांडून गेली असती. जा म्हणून तिकीट हातात ठेवलं असतं, तर रडत गेली असती. त्याने निर्णय तिच्यावर सोपवला. एरवी याच गोष्टीसाठी ती त्याच्याशी पाच वर्षं भांडत होती.

वहिनीने फोन अम्माच्या तोंडाशी धरला. आवाज खोल गेला होता, पण जीभ तीच. "अगं, त्या डॉक्टरांनी लिहिलेलं जरा उशिरा आलं, एवढंच. तू येऊ नकोस चिन्नी. तू आलीस तर माझं आजारपण फुकट जाईल."

झान्सी हसली. आई थट्टा करतेय म्हणजे आई ठीक आहे, असं तिने स्वतःला पटवलं. पटवावंसंच वाटत होतं तिला. एकोणीस हजारावर माणूस थट्टा करू शकतो आणि मरूही शकतो, हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अम्मा गेल्या. झान्सीने सगळं फोनवर पाहिलं. सांबशिवच्या हातातला फोन सारखा खाली कलत होता, म्हणून बराच वेळ नुसती जमीन आणि लोकांचे पाय दिसत राहिले. अकराव्याला पेद्दकर्म, म्हणजे दिवसकार्य, झालं, तेव्हा तिने इथे पुलिहोरा, चिंचेचा भात, केला आणि सुब्बम्मांना जेवायला बोलावलं. सुब्बम्मा त्या संध्याकाळबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं झान्सीला वाटलं.

जूनच्या अखेरीस सरकारी पत्र आलं. अर्ज विचाराधीन आहे, परत जाण्याचा आणखी पुरावा द्या. आईची सध्याची प्रकृती कशी आहे?

भानूने ते वाचलं आणि तिला न विचारताच चिराल्याच्या त्याच डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने तिच्यापुढे आपला फोन सरकवला.

"रागावू नकोस. डॉक्टर आपणहून म्हणाले, लेकरू शिकतंय, देतो लिहून."

आजची तारीख. श्रीमती कोटेश्वरम्मा, वय सदुसष्ट. औषधोपचार चालू. प्रकृती स्थिर. घरातल्या घरात हिंडतात-फिरतात. मुलीची वारंवार आठवण काढतात.

झान्सीने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग उष्ट्या हाताने तोंड झाकून ती हमसून हमसून रडली. पेद्दकर्मालाही ती अशी रडली नव्हती.

"हे जोडायचं नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग काय जोडणार?"

"सांबशिव अण्णय्याने मृत्यूचा दाखला पाठवलाय."

"झान्सी, तो जोडला तर तुझं तिथे कोण आहे म्हणून सांगणार?"

हात धुऊन ती लॅपटॉपपाशी बसली. माझी आई कोटेश्वरम्मा मे महिन्यात वारली, तिने लिहिलं. अर्ज बाद होईल म्हणून मी गेले नाही.

पाठीमागे उभ्या भानूने वाचलं. "अगं, आईसाठी गेली नाही ती आणखी कशासाठी परत जाईल, असंच म्हणतील ते. नाकारतील."

"माहीत आहे मला."

असं म्हणाली खरी, पण नोकरी तिला नको झाली होती असं नाही. अजूनही तितकीच हवी होती. सकाळी डबा घेऊन बाहेर पडावं, पांढरा कोट घालावा, आपल्या सहीने अहवाल बाहेर जावा, हे सगळं हवं होतं. तरीही तिने पत्रातला शब्द बदलला नाही. भानूने पत्र छापून आणलं, मृत्यूचा दाखला जोडला, आणि बूट घालून पोस्टात गेला.

डॉक्टरांचा कागद तिने आपल्या फोनवर घेऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी भात शिजत असताना तिने तो उघडला. 'घरातल्या घरात हिंडतात-फिरतात' इथपर्यंत वाचलं, आणि फोन ओट्यावर पालथा ठेवून गॅस बारीक केला.