मिस्त्रीचं धुराडं

शेजारच्या मिस्त्रीने थंडीच्या तोंडावर आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात लाकडावरची लोखंडी शेगडी बसवली आणि तिचं धुराडं भिंतीतून काढून नेमकं आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली सोडलं. मोजमाप करून आमच्यावर सूड उगवायचं म्हटलं असतं, तरी इतकं अचूक जमलं नसतं. आधी उशा काळ्या झाल्या, मग मी. एका सकाळी आरशात पाहतो तर माझे सगळे केस काळेभोर! मी हरखलो. बायकोने टॉवेल फिरवला आणि माझं तारुण्य टॉवेलवर गेलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. बायकोची छाती आधीच नाजूक. तिला खोकल्याची उबळ आली की पलंग भिंतीपासून हातभर सरकायचा. शेवटी तिने बॅग भरायला घेतली.

"अहो, नीट ऐका. एक तर तो धूर जाईल, नाहीतर मी. ताईकडे जाईन ती कायमची."

"अगं, ताईकडे मांजरं आहेत."

"मांजरं धूर सोडत नाहीत."

निमूटपणे मिस्त्रीकडे गेलो. तो रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, धूर वरच जाणार. तुमची खिडकी वर आहे, त्याला मी काय करू?"

"मग धुराडं खिडकीच्याही वर ने की, बाबा!"

"एवढंच ना? नेतो."

नेलं. आता धूर आमच्या वरच्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे शिरला, तिथे पोटभर फिरला आणि जिन्याने खाली उतरून, दाराच्या फटीतून, पुन्हा आमच्याकडे आला. शिंपीणबाई हातात कात्री घेऊनच खाली आल्या. "पांढरा झगा शिवायला घेतला होता मी! शेवटचं बटण लावेपर्यंत राखाडी झाला! गिऱ्हाइकाला काय सांगू, उंदराच्या लग्नाला घाल म्हणून?"

धुराडं छपराच्या वर गेलं. धूर मात्र कौलांवरून घरंगळत खालीच. मिस्त्री आता इरेला पेटला. रोज नळीला नळी जोडत सुटला. धुराडं हलू नये म्हणून चारी बाजूंनी तारा ताणल्या, तर अख्ख्या गल्लीने त्यांवर कपडे वाळत घातले. पाखरं अर्ध्या वाटेत बसून दम खायची. टोक ढगात घुसलं आणि एक ढग माझ्या डोळ्यांदेखत खोकला. तरीही धूर, एवढा चढून गारठलेला, ओल्या घोंगडीसारखा पुन्हा आमच्याच खिडकीवर येऊन पडायचा. माझे अगदी नाकी नऊ आले.

बायकोने कोट चढवला. बॅग उचलली. तेवढ्यात दार ढकलून मिस्त्रीच आत आला आणि थेट तिच्या खुर्चीत बसला.

"वहिनी, जरा चहा टाका. धुराडं उंच केल्यापासून शेगडीची ऊब सगळी वर पळते. तुमच्यापायी गारठलो हो मी!"

बायकोने बॅग इतक्या हळू खाली ठेवली की मला घाम फुटला.

"उठा," ती म्हणाली. "दाखवा मला ती शेगडी."

वरात कारखान्यात गेली. तिने शेगडीचं दार उघडलं. आत ओंडके चुरचुरत होते आणि त्यांच्या टोकांतून पाण्याचा फेस येत होता. भिंतीला मात्र छतापर्यंत खडखडीत वाळलेल्या फळ्या रचलेल्या.

"हे ओलं लाकूड जाळता तुम्ही?"

"मग काय वाळलेलं जाळू?" मिस्त्री किंचाळलाच. "वहिनी, मी सुतार आहे! वाळलेल्याचं कपाट होतं, टेबल होतं. जाळायला ओलंच. माझा बापही ओलंच जाळायचा."

"आणि त्याचे शेजारी?"

मिस्त्री विचारात पडला. "टिकायचे नाहीत फार."

बायकोने बाजूला पडलेला एका अर्धवट खुर्चीचा वाळका पाय उचलला आणि आत कोंबला. मिस्त्रीने ओरडून स्वतःचा पाय धरला. तिने ऐकलं नाही. ओंडके ओढून बाहेर काढले आणि आणखी दोन पाय घातले. शेगडी धडधडून पेटली. आम्ही अंगणात धावलो. वर पाहिलं तर धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती. धुराचा पत्ता नाही. बायकोने छातीभर श्वास घेतला, थांबली, आणि खोकली नाही.

तह झाला. धुराडं छपराच्या जरा वर ठेवून बाकीचं उतरवायचं. जाळायचे ते कामातून उरलेले वाळके तुकडे. ओली लाकडं वर्षभर आडोशाला वाळवायची. बायको राहिली. पण मिस्त्रीच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नाही. म्हणून अट अशी, की शेगडी पेटवण्याआधी त्याने तिच्या खिडकीखाली लाकडावर लाकूड आपटून दाखवायचं. वाळकं टण् वाजतं, ओलं भद् वाजतं.

तेव्हापासून रोज भल्या पहाटे सुरू होतं.

"वहिनी! ऐका! टण्!"

"नीट ऐकू नाही आलं! पुन्हा!"

"टण्!"

"ते डाव्या हातातलं भद् वाजलं! टाका बाहेर!"

"अहो, ते माझ्या गुडघ्याला लागलं!"

वरून शिंपीणबाईही कौल देतात, "मलाही भद्च वाटलं!" आणि मी काळ्या झालेल्या दोन्ही उशा कानांवर दाबून विचार करतो, की धूर बिचारा निदान आवाज न करता यायचा.