तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

ऑफिसात सगळे त्याला कुलूपवाला म्हणत आणि त्याला त्याचा रागही येत नसे. दर सोमवारी तो नव्याने लागलेल्या लोकांना समोर बसवून पासवर्ड कसा असावा, अनोळखी लिंकला हात का लावू नये, प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती का ठेवाव्यात, हे अशा काही तावातावाने सांगे की ऐकणाऱ्याला आपण कालच लुटले गेलो असे वाटावे. ऑनलाइन खाते उघडताना विचारतात त्या प्रश्नांना कधीही खरे उत्तर द्यायचे नाही, हा तर त्याचा लाडका धडा. खरे उत्तर शेजाऱ्यालाही ठाऊक असते, खोटे फक्त आपल्याला. त्याच्या स्वतःच्या खात्याचा तिसरा प्रश्न होता, मोठ्या भावाला घरात काय म्हणतात? तो एकुलता एक होता. उत्तर त्याने ठेवले होते, तात्या. हे त्याने कुठे लिहिले नव्हते, बायकोलाही सांगितले नव्हते.

बायकोला जाऊन वर्ष होत आले होते. शेवटच्या चार महिन्यांत हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या तिने मुलीसाठी एकतीस रेकॉर्डिंग करून ठेवली होती आणि ती त्याच्या खात्यात होती. मुलगी दूरच्या शहरात, दिवस भरत आलेली. दोन महिने ती मागत होती.

"बाबा, पाठवा ना. आईचा आवाज ऐकायचाय मला."

"असं कसं पाठवू? मध्येच कुणाच्या हाती लागलं म्हणजे? मी हार्ड ड्राइव्हवर घेऊन येतो."

"कधी येताय?"

"बघू. सध्या डोकं वर काढायला फुरसत नाही."

फुरसत तेव्हाही नव्हती. बायको हॉस्पिटलात असताना तो रविवारी अर्धा तास जाऊन येई, तोही फोन कानाला लावून. हे आठवले की त्याला लाज वाटे, आणि लाज वाटली की तो आणखी काम अंगावर घेई.

सोमवारी दुपारी वर्ग ऐन रंगात असताना त्याच्या फोनवर सूचना आली. दुसऱ्या कुठल्याशा उपकरणावरून त्याचे खाते उघडले गेले होते. तिन्ही उत्तरे बरोबर होती. तो वर्ग तसाच सोडून घरी पळाला. पासवर्ड चालेना, शेवटी अडीनडीसाठी राखून ठेवलेल्या सांकेतिक आकड्यांनी तो कसाबसा आत शिरला. काही पुसले नव्हते, काही चोरले नव्हते. फक्त एकतीसच्या एकतीस रेकॉर्डिंग मुलीला पाठवली होती.

त्याने तिला फोन लावला. "तुला काही आलंय का? उघडू नकोस!"

"ऐकतेय की मघापासून." तिचा आवाज रडून जड झाला होता. "तुमच्यामागे दोन महिने लागले, तात्याकाकांना एकदाच म्हटलं."

"कोण तात्याकाका?"

"बाबा, तुमचं दोघांचं काय बिनसलंय ते तुमचं तुम्ही बघा. पण असं नका बोलू. आईपाशी रोज कोण बसायचं? तुम्ही?"

"अगं, मला भाऊ नाही! कुणीतरी फसवतंय तुला!"

तिने फोन ठेवून दिला.

चोराने रेकॉर्डिंगच्या आवाजात काहीतरी घुसवले असणार, म्हणून ती असे बोलत होती. ही असली बनवाबनवी त्याने पुष्कळ पाहिली होती. त्याने कपाटातला ड्राइव्ह काढला. बायको गेली त्या आठवड्यात भरलेली ही प्रत एकदाही इंटरनेटला जोडली गेली नव्हती. खात्यातल्या फायली त्याने तिच्याशी ताडून पाहिल्या. सगळ्या तंतोतंत जुळल्या. बाहेरून कुणी बोटही लावलेले नव्हते, हे त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कुणाला कळले नसते. दर महिन्याला तो अशाच त्या मोजत आला होता. आकडा बरोबर, आकार बरोबर, तारखा बरोबर. आज पहिल्यांदाच त्याने इअरफोन कानांत घातले आणि ड्राइव्हवरचे शेवटचे रेकॉर्डिंग लावले.

आधी नुसता तिचा श्वास. मग खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज, आणि एका पुरुषाचा खाकरा. आवाज थेट त्याच्यासारखा होता, फक्त त्यात कसलीही घाई नव्हती.

"पोरीचं झालं सगळं सांगून. आता थोडं पाणी घे. धाकट्यासाठी काही बोलायचंय?"

रेकॉर्डिंग संपले असे वाटून त्याने स्क्रीनकडे पाहिले. मग ती हसली. दुखणे जडण्याआधी हसायची तशी.

"राहू द्या, तात्या. ऐकायचा नाही तो. जपून ठेवील नुसतं."