निवलेलं पाणी

रविवारी सकाळी बाबांनी गीझरचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. ही त्यांची जुनी खोड. "नुसत्या बटणावर विसंबू नये. घरात कुणाचे हात कधी शिवशिवतील, सांगता येत नाही," म्हणत त्यांनी आईकडे पाहिलं.

"माझे एकदाच शिवशिवले," आई म्हणाली, "हार घालताना."

टाकी गळत होती, उतरवायची होती. पण आतलं पाणी निवल्याशिवाय खालच्या चावीला हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम. मी म्हटलं, संध्याकाळी येते स्टूल धरायला. दोन गल्ल्या पलीकडे तर राहते मी.

पाच वाजता फोन आला. "पाणी निवलंय. येतेस?"

"मीटिंगमध्ये आहे, बाबा."

"रविवारची?"

"हो."

"बरं. निवलेलं पाणी कुठे पळून जातंय? उद्या ये."

सोमवारी सकाळी चहा घेताना बाबा खुर्चीतच कलंडले. हॉस्पिटलने पिशवीत घालून दिलेल्या शर्टाच्या खिशात फ्यूज तसाच होता.

पंधरा दिवस टाकीखाली बादली भरत राहिली. आज मी स्टूल ओढलं, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन.

"ताई, प्लंबर बोलव की."

"तू आलास का कधी स्टूल धरायला?"

"मी परदेशात आहे. तुला दोन गल्ल्या होत्या."

मी फोन ठेवला. खोटं काय बोलला तो?

फ्यूज माझ्या खिशात घातला. थंड पाण्याचा कॉक बंद केला. टाकीत हवा शिरावी म्हणून गरम पाण्याचा नळ उघडला. खालच्या चावीला पाइप लावून त्याचं टोक मोरीत सोडलं आणि चावी फिरवली. आधी तांबूस गाळ आला, मग स्वच्छ पाणी. गारठलेलं.

दाराशी आई उभी होती. "त्या दिवशी मी म्हटलं, मी धरते स्टूल. तर म्हणाले, नको, ती येणार आहे. दिवे लागेपर्यंत इथेच बसून होते."

ती स्वयंपाकघरात गेली. पाइपातली धार बारीक होत होत थांबली. मी रिकाम्या टाकीवर हात ठेवला.

"बाबा, मीटिंग नव्हती," मी मोठ्याने म्हणाले. "मी सोफ्यावर पडले होते. मला यायचा कंटाळा आला होता."