पांढरा, बिनवासाचा, नाव लिहिलेला

मी एक जुना खोडरबर आहे. जुना म्हणजे फार वर्षांचा नव्हे, मित्रांनो. खोडरबराचं वय वर्षांत मोजत नाहीत, तो किती उरला त्यावर मोजतात. मी आता हरभऱ्याच्या दाण्याएवढा उरलो आहे. जपानमधल्या हिगाशी-कसाई भागातल्या एका इमारतीत, सहाव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खणातल्या एका डबीत माझा मुक्काम असतो. शेजारी सुटी बटणं आहेत आणि एक तुटकी शिट्टी. संगत वाईट नाही.

माझा जन्म जपानमधल्याच एका कारखान्यात झाला. पांढऱ्या लांब लादीतून आम्हां भावंडांना कापून काढलं, अंगात निळा कागदी सदरा चढवला आणि शंभर येनच्या दुकानात आकड्याला टांगलं. आमच्या शेजारी सुशीच्या आकाराचे आणि स्ट्रॉबेरीच्या वासाचे खोडरबर होते. मुलं त्यांच्याकडेच धावत. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक बाई आली, हातात छापील कागदांचा गठ्ठा. त्यातलं एक पान तिने पुन्हा वाचलं आणि मला उचललं. त्या पानावर लिहिलं होतं: खोडरबर पांढरा असावा, बिनवासाचा असावा, त्यावर विद्यार्थ्याचं नाव असावं.

ती बाई म्हणजे यामिनी. तिची सात वर्षांची मुलगी रुचा, आणि नवरा नचिकेत, जो रोज सकाळी गाडीने कावासाकीच्या ऑफिसला जाई. रुचा दोन वर्षांची असल्यापासून जपानी पाळणाघरात वाढलेली, आणि पहिलीचं वर्षही तिने घराजवळच्या जपानी शाळेत काढलेलं. त्या वर्षाचा शेवटचा गणिताचा पेपर अजून फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. लाल वर्तुळंच वर्तुळं, आणि सगळ्यात वर पाकळ्या असलेलं एक मोठं वर्तुळ. पण पुढेमागे पुण्याला परतायचं, तर इंग्रजी हवं, गणित हवं. म्हणून दुसरीला तिला फुनाबोरीकडच्या भारतीय शाळेत घातलं. ही शाळा अभ्यासाला कडक म्हणून सगळ्यांच्या तोंडी होती.

नियमांची चौदा पानं होती. पालकांनी फाटकाच्या आत येऊ नये. शिक्षकांना फोन करू नये. जे सांगायचं ते डायरीत लिहावं. नचिकेतने ती पानं गाडीत एकदा चाळली. यामिनीने तीनदा वाचली, आणि प्रत्येक वेळी तिचं बोट फाटकाच्या ओळीवर थांबलं.

"आत का येऊ देत नाहीत?" तिने दोन मजले खाली राहणाऱ्या वृंदाला विचारलं. वृंदाचा अद्वैत त्याच शाळेत चौथीत होता.

"अगं, आया आत आल्या की मुलं रडतात," वृंदा म्हणाली. "शाळा कडक आहे, पण कडू औषधासारखी. माझा अद्वैत पहिले दोन महिने रोज सकाळी ओकायचा. आता बघ, पंचवीसपर्यंत पाढे पाठ."

"ओकायचा?"

"सवय होते गं. त्यालाही झाली, मलाही झाली."

यामिनीने मान डोलावली, पण त्या दिवसापासून तिच्या नजरेत एक बारीक काटा रुतला, तो निघेना. पालकांच्या ग्रुपवर एका आईने लिहिलं, 'होमवर्क जरा जास्त नाही का?' तिघींनी पसंतीचा अंगठा टाकला आणि पाच मिनिटांत तिघींनी तो काढून घेतला. त्या तिघी कोण, हे यामिनीने लक्षात ठेवलं.

मित्रांनो, माझ्या कामाला सुरुवात झाली ती अशी. रुचाच्या वर्गशिक्षिका जयमाला मिस. करड्या स्वेटरमधल्या, कमी बोलणाऱ्या. वह्या तपासत, खाली आद्याक्षर टाकत आणि निमूटपणे परत देत. कौतुक नाही, रागही नाही. पहिल्या दिवशी रुचाने दहा बेरजा केल्या. वही परत आली. पानभर लाल खुणा होत्या, एकही गणित सुटलं नव्हतं. रुचाने वही पटकन मिटली, आजूबाजूला कुणी पाहिलं का ते पाहिलं, आणि घरी येताच पाऊचमधून मला काढलं.

मला गणित येत नाही. मला आकड्यांची फक्त चव कळते. पंधरा खोडले, तिथे तिने चौदा लिहिले. बावीस खोडले, तेवीस लिहिले. दुसऱ्या दिवशी नवं पान, पुन्हा पानभर लाल खुणा. त्या पाहून मलाही वाटलं, पोरीचं सगळंच चुकतंय. ती इतक्या जोरात घासायची की माझ्या अंगाच्या सुरळ्या टेबलावर पडत, आणि त्या ती ओंजळीत गोळा करून हळूच कचऱ्यात टाके. माझा धर्म खोडायचा. का खोडतेस, असं विचारायला मला तोंड नाही.

पहिली चूक यामिनीच्या नजरेला आली ती आठ दिवसांनी. सात अधिक आठ, उत्तर चौदा, आणि शेजारी मिसची ठसठशीत लाल टिक.

"नचिकेत, हे बघ. चुकीच्या उत्तराला टिक दिली आहे."

"राहिलं असेल नजरचुकीने. पस्तीस वह्या असतात त्यांना."

"एक राहील. या पानावर सहा आहेत. बाई वाचतच नाहीत, नुसत्या टिका मारत सुटतात. आणि शाळेचं नाव केवढं."

"मग लिही डायरीत."

तिने लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं: 'पाल्याने तपासलेल्या कामात खाडाखोड करू नये.' यामिनीने ती ओळ तीन वेळा वाचली आणि तिला त्यात धमकीच दिसली. "म्हणजे दोष आपल्याच मुलीचा. छान."

मग तिचा संशय माझ्याकडे वळला. एवढासा खोडरबर एवढा झिजतो कसा? कुणीतरी मुलीकडून एकच पान पुन्हा पुन्हा लिहून घेत असणार. ती रोज संध्याकाळी मला पट्टीवर ठेवून मोजू लागली आणि माझ्या निळ्या सदऱ्यावर बारीक अक्षरात तारीख घालू लागली. मित्रांनो, कोणत्या खोडरबराला एवढी देखरेख मिळते? पण मला त्याचा आनंद झाला नाही. आंघोळीच्या वेळी ती रुचाचे दंड उलटेपालटे करून पाही, पाठ पाही. काही सापडत नसे. काही सापडत नाही याचाही तिला संशय येई.

रुचाला मात्र कुणी सरळ विचारलं नाही. विचारलं ते आडून. "मिस कशा आहेत गं? ओरडतात का? खरं सांग हं." खरं सांग म्हटलं की मुलं आईचा चेहरा वाचतात आणि तिथे जे दिसेल त्याला जपून बोलतात. रुचा म्हणे, "फुत्सू." म्हणजे ठीक, नेहमीसारखं. आणि मला पाऊचमध्ये खोल ढकले.

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी ती दाराशी बुटांच्या पायरीवर बसली आणि उठेना.

"नाही जायचं."

"का? काय झालं? रुचा, इकडे बघ."

"मिस मला..." हुंदका आला. "मिस मला मारू..." आणि पुढचं सगळं रडण्यात गेलं.

यामिनी जागच्या जागी उभी राहिली. महिनाभर ज्या एका शब्दाची ती वाट पाहत होती, तो आला होता. तिने पुढचं ऐकलं नाही. लहानपणी सोलापूरच्या शाळेत हातावर बसलेली पट्टी तिला आठवली असेल, कुणास ठाऊक. तिने नचिकेतला फोन लावला.

"तिने तोंडाने सांगितलं. मारतात तिला."

"नक्की असंच म्हणाली?"

"मी काय बहिरी आहे का? आजच नाव काढते."

शाळेच्या संकेतस्थळावरचा शाळा सोडण्याचा अर्ज तिने छापून घेतला. कुठलाही अर्ज आधी पेन्सिलने भरायचा, मग त्यावर पेन फिरवायचं, ही तिची कॉलेजपासूनची सवय. 'कारण' या रकान्यात तिने दाबून लिहिलं: शिक्षिका मुलीला मारतात. पेन फिरवायला वेळ नव्हता. वही, डायरी, अर्ज आणि रुचा यांना घेऊन ती फाटकाशी पोचली. महिनाभर जे फाटक उघडलं नव्हतं, ते 'नाव काढायचं आहे' एवढं म्हणताच उघडलं.

लहानशी खोली होती. जयमाला मिस आल्या, समोर बसल्या. टेबलावर एक लाकडी पट्टी होती आणि यामिनीची नजर तिच्यावरून हलेना.

"तुम्ही माझ्या मुलीला मारता?"

"नाही," मिस म्हणाल्या. "पण ती महिनाभर माझ्याकडे मान वर करून बघत नाही. ते मला दिसत होतं."

"दिसत होतं आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"डायरीत लिहिलं होतं मी. खाडाखोडीचं."

"चुकीच्या उत्तरांना टिक तुम्ही देता आणि खाडाखोड आमची? हे बघा." यामिनीने वही उघडून पुढे सरकवली. "सात अधिक आठ चौदा. ही सही तुमचीच ना?"

मिसने वही हातात घेतली आणि पान खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरलं. चौदाच्या खाली पंधराचा ठसा दिसत होता. पुढचं पान, त्याखालीही तसंच. "मी टिक दिली तेव्हा इथे पंधरा होतं," त्या म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजातही संशय होता. "हे नंतर बदललंय. घरी कोण बदलतं?"

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आणि मग, महिन्याभरात पहिल्यांदाच, दोघींनी एकदम रुचाकडे पाहिलं.

"तू बदललंस?" यामिनीने विचारलं. या वेळी आवाज आईचा होता, वकिलाचा नव्हता.

रुचाने मान डोलावली. "सगळं चुकतं ना. मी परत करते, तरी चुकतं."

"चुकतं असं कोण म्हणालं तुला?"

रुचाने लाल टिकेवर बोट ठेवलं. मग पाऊच उघडला, पेन्सिल काढली आणि वहीच्या कोपऱ्यात एक गोल काढला. "हे. मारू. मिस मला मारू देतच नाहीत. एकपण नाही."



मारू. जपानीत वर्तुळाला मारू म्हणतात. आणि इथल्या शाळांत बरोबर उत्तराला वर्तुळ मिळतं, चुकलेल्याला टिकेसारखी लाल खूण. यामिनीच्या डोळ्यांपुढे फ्रिजवरचा कागद आला असणार. नऊ गणितांना वर्तुळं, आणि चुकलेल्या दहाव्याला एक छोटी लाल टिक. तिनेच तो लावला होता, आणि दूध काढताना रोज त्याच्यासमोर ती उभी राहत होती.

"चार वर्षं झाली मला या देशात," जयमाला मिस हळू म्हणाल्या. "माझ्या मनात कधी आलं नाही." त्यांनी खुर्ची रुचाच्या बाजूला ओढली. "रुचा, आमच्याकडे ही खूण म्हणजे बरोबर. तुझं सगळं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून."

"सगळं?"

"सगळं. आता यातली पंचेचाळीस तू चुकवून ठेवली आहेस, ती दुरुस्त करावी लागतील." कडकपणा तो कडकपणाच, मित्रांनो. पण रुचा हसली.

"तुम्ही वर्तुळ देऊ शकता का तिला? काही दिवस?" यामिनीने विचारलं.

"वरिष्ठ वह्या पाहतात. टिकच द्यावी लागते."

यामिनीने अर्जाकडे पाहिलं, मग रुचाच्या पाऊचमध्ये हात घालून मला बाहेर काढलं. जिने मला महिनाभर आरोपीसारखं मोजलं, तिच्याच बोटांत मी होतो. तिने 'कारण' रकान्यातली ओळ खोडायला घेतली. जयमाला मिसनी ती ओळ केव्हाच उलटी वाचली होती, हे मला तेव्हा कळलं.

"नीट खोडा," त्या म्हणाल्या. "दाबून लिहिलेल्याचा ठसा राहतो."

यामिनीने मान वर केली नाही. तिने तो अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला. फाडला मात्र नाही. ती अजून डायरी तीनदा वाचते, ग्रुपवर कोण अंगठा काढून घेतं तेही पाहते. फक्त आधी रुचाला विचारते, आणि उत्तर संपेपर्यंत थांबते.

टिकेला बरोबर मानायला रुचाला महिना लागला. तोवर रोज संध्याकाळी यामिनी प्रत्येक टिकेभोवती पेन्सिलने बारीक वर्तुळ काढी. रुचा ती वर्तुळं बोटाने गिरवी. आणि सकाळी, वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून, ती सगळी मी पुसून टाकी. त्यातच मी संपत आलो. एके दिवशी रुचानेच मला डबीत ठेवलं. "याला फेकायचं नाही," ती म्हणाली, मराठीत.

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. तुमच्याही दप्तरात माझी भावंडं आहेत. त्यांना पेन्सिलीने भोसकू नका, त्यांचे तुकडे करून एकमेकांवर फेकू नका. आणि काही खोडायला त्यांना हातात घ्याल, तेव्हा ते खरंच चुकलं आहे का, हे आधी कुणाला तरी मोठ्याने विचारा. आम्ही विचारू शकत नाही. मी बरोबर उत्तरं खोडली, प्रेमाने काढलेली वर्तुळं पुसली. उभ्या आयुष्यात माझ्या हातून खरी चूक खोडली गेली ती एकच, एका ओळीची. तिचाही ठसा त्या अर्जावर अजून आहे.